विजेची गाडी आणि यात्रेची तारीख

आमच्या स्वयंपाकघरात टांगलेल्या २०२४ च्या कालनिर्णयावर १० फेब्रुवारीच्या चौकोनात माझ्या भाच्याने लाल पेनने एक छोटी मोटार काढून ठेवली होती. त्या शनिवारी हैदराबादला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एकआसनी मोटारींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील एक शर्यत व्हायची होती, आणि आदल्या वर्षीप्रमाणेच आम्ही दोघे पुण्याहून रात्रीच्या बसने निघणार होतो. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ती शर्यत रद्द झाल्याची बातमी आली. डिसेंबरात तेलंगणात सत्तांतर झाले होते आणि नव्या सरकारने हा कार्यक्रम पुढे चालवायचा नाही असे ठरवले होते. कालनिर्णयावरची मोटार मात्र वर्षभर तशीच राहिली आणि तिच्याकडे पाहताना आमचा एक जुना वाद रोज नव्याने सुरू होत असे.

वाद असा, की विजेवरच्या मोटारींच्या शर्यतीला खरे चाहते मिळतील का. भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी त्याच्या महाविद्यालयाचा चमू विजेवरची एकआसनी गाडी बांधतो. त्याला हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. त्याच्या मते पेट्रोलची शर्यत ही आता टांग्यांच्या शर्यतीसारखी हौसेपुरती उरेल. मी तीस वर्षे पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात इंजिनांच्या भागांशी संबंधित नोकरी केली, त्यामुळे माझी बाजू कोणती हे सांगायला नको. गंमत अशी, की हैदराबादची ती एकच शर्यत पाहून आल्यापासून आम्हा दोघांचीही मते थोडी सरकली आहेत, आणि ती एकमेकांच्या दिशेने सरकलेली नाहीत.

या विषयावर बोलताना पहिला आक्षेप आवाजाचा निघतो, म्हणून तो आधी हातावेगळा करतो. मला मोटार शर्यतींचे वेड लागले ते आवाजामुळेच. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हा मी तेथे होतो. मिनिटाला अठरा हजार फेरे घेणारी आठ सिलिंडरांची इंजिने समोरून गेली, की तो आवाज कानांना ऐकू येण्याआधी छातीच्या पिंजऱ्यात जाणवत असे. कानांत बोळे घालूनही दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरेपर्यंत माझ्या कानांत शिट्टी वाजत होती आणि मी ती प्रसादासारखी सांभाळून आणली होती. पुढे २०१४ मध्ये फॉर्म्युला वननेच ती इंजिने टाकून सहा सिलिंडरांची, टर्बो आणि विजेची जोड असलेली इंजिने घेतली, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी आवाज मेला म्हणून आक्रोश केला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला बीजिंगमध्ये फॉर्म्युला ईची पहिली शर्यत झाली. ज्या वर्षी लोक थोडा आवाज कमी झाला म्हणून रडत होते, त्याच वर्षी कोणीतरी आवाज जवळजवळ नसलेली शर्यत विकायला काढावी, याला धाडस म्हणावे की भोळेपणा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

हैदराबादला हुसेन सागराच्या काठाने, लुंबिनी पार्क आणि सचिवालयाच्या बाजूने सुमारे २.८ किलोमीटरचा मार्ग आखला होता. ११ फेब्रुवारी २०२३ च्या त्या दिवशी पहिली गाडी आमच्या समोरून गेली तेव्हा मी खरोखरच ओशाळलो. माझ्या आग्रहाखातर सोबत आलेल्या एका मित्राने माझ्याकडे ‘हे पाहायला एवढ्या लांब आणलेस?’ अशा नजरेने पाहिले. पुणे–लोणावळा लोकल स्थानकातून सुटताना जो चढत जाणारा स्वर काढते, तोच कोणी दहापट घाईने वाजवावा, असा तो आवाज होता. पण अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आले, की मला बाकीचे सगळे ऐकू येत आहे. वळणावर टायर किंचाळतात ते, रस्त्याच्या उंचवट्यावर गाडीचे पोट घासते ते, भिंतीला निसटता स्पर्श होतो तो, आणि मुख्य म्हणजे माणसे. मागच्या ओळीतल्या एक बाई आपल्या लहान मुलाला कोणती गाडी कोणाची आहे हे समजावून सांगत होत्या आणि त्यांचा शब्दन् शब्द माझ्यापर्यंत पोचत होता. एखाद्याने धोकादायक ओव्हरटेक केला, की हजारो लोकांनी एकदम श्वास ओढल्याचा आवाज येई. नॉयडाला शेजाऱ्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागत होते.

तेव्हापासून मी आवाजाचा मुद्दा सोडून दिला आहे. ज्याला तो आवाज आठवतो त्यालाच त्याची उणीव भासते. माझ्या पिढीच्या कानांत जुन्या चेतकची किक आहे. स्कूटर तिरकी करून, दोन शिव्या घालून ती सुरू केल्याचे समाधान आहे. भाच्याची पहिली दुचाकी विजेवरची आहे आणि पुण्याच्या रस्त्यांवर २०१९ पासून विजेच्या बस धावताहेत, त्यांतूनच तो महाविद्यालयात जातो. त्याच्या दृष्टीने गोंगाट करणारी गाडी म्हणजे रात्री दीड वाजता सोसायटीखालून सायलेन्सर बदललेली बुलेट घेऊन जाणारा मुलगा. त्याला आवाजाचे आकर्षण वाटावे असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

वेगाचा आक्षेप त्यापेक्षा खरा आहे. मोनॅकोच्या त्याच रस्त्यांवर दोन्ही प्रकारच्या गाड्या धावतात आणि तेथे फॉर्म्युला वनची गाडी विजेच्या गाडीपेक्षा एका फेरीत पंधरा सेकंदांहून अधिक आधी पोचते. सध्याच्या पिढीची विजेची गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग १.८६ सेकंदांत गाठते आणि त्या पहिल्या झेपेत ती फॉर्म्युला वनला मागे टाकते, हे आयोजक पुन्हापुन्हा सांगतात. पण शर्यत पहिल्या दोन सेकंदांत संपत नाही, हे कोणालाही कळते. माझे म्हणणे एवढेच, की प्रेक्षक वेगाचा आकडा पाहायला येत नाही. दोन गाड्या एकमेकींच्या किती जवळ आहेत आणि पुढे काय होईल हे न कळण्याची स्थिती किती वेळ टिकते, हे तो पाहतो, आणि त्या कसोटीवर फॉर्म्युला ई बहुतेक रविवारच्या फॉर्म्युला वनपेक्षा सरस ठरते.

याचे कारण समजून घ्यायचे तर महावितरणच्या बिलाकडे पाहावे. बिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. २०१४ च्या पहिल्या पिढीच्या गाडीला शर्यतीसाठी २८ युनिट वीज मिळत असे आणि तेवढ्यात निम्मीच शर्यत होत असल्यामुळे चालक मध्येच थांबून, पूर्वी डाकेचे स्वार घोडे बदलत तसे, पट्टे सोडून धावत दुसऱ्या गाडीत बसत. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीने ही वेळ संपवली. २०२३ पासूनच्या तिसऱ्या पिढीत पाऊण तासाच्या शर्यतीला साधारण ३८ युनिट मिळतात. आमच्या दोन माणसांच्या घरात तेवढी वीज आठवडाभर पुरते. या गाडीला पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर मोटारी आहेत, ब्रेक लावताना त्या दोन्ही मिळून ६०० किलोवॉटपर्यंत वीज परत बॅटरीत भरू शकतात, आणि म्हणून मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवलेले नाहीत. शर्यतीत खर्च होणाऱ्या विजेपैकी सुमारे चाळीस टक्के वीज अशी ब्रेकमधून मिळवलेली असते. म्हणजे चालकाचे कसब केवळ पाय दाबण्यात नसून तो केव्हा उचलायचा यात आहे. वळण येण्याच्या पुष्कळ आधी तो पाय काढतो, गाडी वाहू देतो, मग ब्रेकमधून वीज गोळा करतो, आणि एवढे करून मागच्याला आत घुसायला जागा देत नाही.

हैदराबादच्या शेवटच्या काही फेऱ्या मला यामुळेच विसरता येत नाहीत. ज्याँ-एरिक व्हेर्न पुढे होता, निक कॅसिडी त्याच्या अगदी मागे होता, आणि मोठ्या पडद्यावर दोघांच्या बॅटरीचे उरलेले टक्के दिसत होते. व्हेर्नकडे वीज स्पष्टपणे कमी होती. प्रत्येक वळणाआधी तो आता चुकणार असे वाटे आणि प्रत्येक वेळी तो गाडी नेमकी तेथे ठेवी जेथून कॅसिडीला जाता येणार नाही. महिनाअखेरीला मोजक्या पैशांत घर चालवणाऱ्या माणसाचे कौतुक आपल्याला का वाटते, ते मला त्या दहा मिनिटांत समजले. व्हेर्न जिंकला. माझ्या मित्राची नजरही तोवर बदललेली होती, पण त्याने ते कबूल केले नाही.

मात्र येथेच एक अडचण आहे, आणि ती आयोजकांना वाटते त्याहून मोठी आहे. हे नाट्य सर्वस्वी त्या टक्क्यांवर अवलंबून आहे. पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला दोन गाड्या एकामागून एक शांतपणे जाताना दिसतात, एवढेच. विजेची बचत करायची तर पुढच्या गाडीच्या आडोशाला राहणे फायद्याचे असते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या काही शर्यतींत, विशेषतः पोर्टलंडसारख्या लांब सरळ रस्ते असलेल्या ट्रॅकवर, कोणालाच पुढे राहायचे नव्हते. सायकल शर्यतीतल्या जथ्यासारखे सगळे एकमेकांच्या पाठीशी चिकटून होते आणि ओव्हरटेक शेकड्यांनी झाले. पण त्यांतले बरेचसे ‘तू हो पुढे’ या धर्तीचे होते. सायकल शर्यतीच्या जाणकाराला त्यात बुद्धिबळ दिसेल. ज्याने आयुष्यभर पुढे जाणे म्हणजे जिंकणे असे मानले त्याला मात्र आपली कोणीतरी थट्टा करीत आहे असे वाटते.

व्हॅलेन्सियाची शर्यत तर मी कधीच विसरणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते, भाचा त्याच्या घरी आणि मी माझ्या घरी, फोन चालू ठेवून आम्ही ती पाहत होतो. पावसामुळे पुन्हापुन्हा सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करून आपल्यामागे रांगेत ठेवणारी गाडी, आली आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे सेफ्टी कारमागे घालवलेल्या प्रत्येक मिनिटाला एक युनिट प्रत्येकाच्या वाट्यातून कापले गेले. आघाडीवरच्या आंतोनिओ फेलिक्स दा कोस्टाने घड्याळ संपण्याच्या अगदी किंचित आधी रेषा ओलांडली, म्हणून सगळ्यांना आणखी एक पूर्ण फेरी करणे भाग पडले, आणि त्या एका फेरीत जवळजवळ साऱ्यांची वीज संपली. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत गाड्या एकेक करून रांगू लागल्या. निक डी व्रीस मागून येऊन जिंकला आणि मोजक्याच गाड्या धडपणे शेवटपर्यंत पोचल्या. भाचा फोनवर नियमाचे गणित समजावून देत होता आणि ते बरोबर होते. पण दिवाणखान्यात बसलेल्या माझ्या पत्नीने जो प्रश्न विचारला त्याला आम्हा दोघांकडे उत्तर नव्हते. ती म्हणाली, ‘मग आधी का नाही सांगितलं त्यांना?’

असे नियम पाहून लोक याला खेळ म्हणण्याऐवजी तमाशा म्हणतात, आणि तो शब्द ते चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. पण मला सगळेच नियम एका मापाने मोजावेसे वाटत नाहीत. सुरुवातीची आठ वर्षे ‘फॅनबूस्ट’ नावाचा प्रकार होता. प्रेक्षकांनी इंटरनेटवरून मते द्यायची आणि ज्याला मते जास्त त्याला शर्यतीत काही सेकंद जादा शक्ती मिळायची. गाण्याच्या स्पर्धेत एसएमएसच्या जोरावर बेसूर गायक अंतिम फेरीत जातो तेव्हा जो संताप येतो, तोच येथे यायचा. तिसऱ्या पिढीबरोबर तो प्रकार गेला, ते बरे झाले. ‘अटॅक मोड’ मात्र मला मनापासून आवडतो. त्यात चालकाला नेहमीची वाट सोडून वळणाच्या बाहेरच्या बाजूला आखलेल्या पट्ट्यावरून गाडी न्यावी लागते, तेथे त्याचा वेळ जातो, कदाचित स्थानही जाते, आणि त्या बदल्यात काही मिनिटे जादा शक्ती मिळते. कबड्डी पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागू नये, कारण ही सरळसरळ बोनस रेषा आहे. गुण हवा असेल तर एवढे आत जावे लागेल आणि एवढे आत गेलात तर पकडले जाण्याची भीती आहे. प्रो कबड्डी लीगही २०१४ मध्येच सुरू झाली, तिनेही तिसरी चढाई ‘करो या मरो’ची मानून जुन्या खेळाला नवे नियम ठळकपणे लावले आणि लोकांनी ते सहज स्वीकारले. पण प्रेक्षकाने ती कबड्डी शाळेच्या मैदानात गुडघे फोडून घेत खेळलेली होती. ओळखीच्या खेळाचा नियम बदलला तर चर्चा होते. अनोळखी खेळाचा नियम दर मोसमाला बदलला तर माणूस चॅनेल बदलतो. २०२५ च्या फेब्रुवारीत जेद्दाहला मधल्या थांब्यावर अर्ध्या मिनिटात दहा टक्के वीज भरण्याचा नवा प्रकार सुरू झाला तेव्हा तो मला तंत्र म्हणून थक्क करणारा वाटला, पण तो कोणाला आणि कोणत्या शर्यतीत लागू आहे हे घरी समजावताना मी स्वतःच दोनदा अडखळलो.

आता मला जे खरे म्हणायचे आहे त्याकडे येतो, आणि त्यासाठी मला माझ्या आजोळी जावे लागेल. माझे आजोळ खेड तालुक्यातले. तेथल्या यात्रेत बैलगाडा शर्यत असते. विदर्भातल्या वाचकांना शंकरपट ठाऊक असेल आणि सातारा-सांगलीकडे मैदानात अनेक गाड्या एकदम सोडतात. आमच्याकडे घाट असतो, म्हणजे चढाचा एक सरळ मार्ग, त्यावरून एका वेळी एकच बारी सुटते, बैलांपुढे घोडी धावते आणि लढाई घड्याळाशी असते. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. इंजिन नाही, ओव्हरटेक तर मुळीच नाही, शेजारी दुसरी गाडीसुद्धा नाही. एखाद्या परदेशी क्रीडासल्लागाराने हा खेळ पाहिला तर यात प्रेक्षकांसाठी काही नाही, असा अहवाल तो विनासंकोच देईल. आणि तरीही भर उन्हात, घाटाच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असतात, कारण प्रत्येक बारी कोणाची, बैल कोणत्या गावचा, त्याचा मालक कोण, गेल्या वर्षी तो कोठे हुकला, हे त्यांना पाठ असते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यतींवर बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळेपर्यंत साडेसात वर्षे घाट सुने होते. बैलांच्या छळाचा प्रश्न खरा आहे आणि त्या अटी पाळल्या जातात का याविषयी माझ्या मनात शंका आहेत; पण येथे मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. साडेसात वर्षे एकही शर्यत झाली नाही तरी परवानगी मिळाल्यावर घाट पहिल्याच यात्रेला भरले. त्याच साडेसात वर्षांत फॉर्म्युला ईने सात मोसम पूर्ण केले होते.

त्या मोसमांचा हिशेब पाहावा. पॅरिसमध्ये अँव्हालिदच्या भोवती शर्यत होत असे, ती २०१९ नंतर झाली नाही. लंडनच्या बॅटरसी पार्कमधली शर्यत रहिवाशांच्या विरोधामुळे दोनच वर्षांत थांबली. न्यूयॉर्क गेले, रोम गेले. प्रत्येक मोसमात टिकलेले शहर म्हणजे बर्लिन, आणि तेथेही शर्यत बहुतेक वेळा टेम्पलहॉफच्या बंद पडलेल्या विमानतळावर होते. शहराच्या मध्यभागी शर्यत आणणे ही या मालिकेची मूळ कल्पना मला फार आवडली होती, कारण प्रेक्षकाने ट्रॅककडे जाण्याऐवजी ट्रॅक प्रेक्षकाकडे येत होता. पण शहरातला रस्ता दर वर्षी नव्याने मागावा लागतो. महापालिका बदलते, सरकार बदलते, रहिवासी वैतागतात. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या कायमच्या ट्रॅकवर जाणारा माणूस आपल्या वडिलांबरोबर ज्या वळणावर बसला होता त्याच वळणावर आपल्या मुलाला नेऊ शकतो. हुसेन सागराच्या काठावर मी जेथे बसलो होतो तेथे आता सिग्नलला थांबलेल्या रिक्षा असतात.

संघांचेही तेच. ऑडी आणि बीएमडब्ल्यू २०२१ मध्ये बाहेर पडल्या. मर्सिडीझने लागोपाठ दोन मोसम चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकली आणि २०२२ मध्ये दुकान बंद केले. बाजारात मोटारी विकण्यासाठी जे शिकायचे होते ते शिकून झाले, असा त्याचा अर्थ. कंपनीच्या दृष्टीने तो योग्य असेलही, पण ज्याने त्या संघाची टोपी विकत घेतली त्याने आता ती कोठे घालावी? मोटारसायकलींच्या विजेवरच्या मोटोई मालिकेची अखेर तर आपण नुकतीच पाहिली. २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका मोटोजीपीच्या, म्हणजे पेट्रोलवरच्या मोटारसायकलींच्या जागतिक मालिकेच्या, गर्दीपुढे धावूनही २०२५ च्या मोसमानंतर थांबवण्यात आली, आणि पुरेसे चाहते मिळाले नाहीत हे आयोजकांनी लपवले नाही. भाचा यावर म्हणतो, की मोटोईकडे स्वतःचे काहीच नव्हते, ती दुसऱ्याच्या लग्नात वाढप करीत होती. ते मला पटते.

आपल्याकडे तर परिस्थिती आणखी चमत्कारिक आहे. महिंद्रा रेसिंग हा संघ पहिल्या शर्यतीपासून या मालिकेत आहे. पहिल्या मोसमात करुण चंढोक त्यांची गाडी चालवत होता आणि २०१७ मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. जग्वारची मालकी २००८ पासून टाटा मोटर्सकडे आहे, संघाच्या नावात टीसीएस आहे आणि २०२३-२४ चे संघांचे अजिंक्यपद त्यांनीच जिंकले. हैदराबादला याच जग्वारच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या, तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते घरच्या संघाविषयीच निघतात. त्याच २०२३-२४ च्या मोसमात मुंबईचा जेहान दारूवाला माझेरातीच्या संघातून धावत होता. म्हणजे ज्या मोसमात एक भारतीय चालक शर्यतीत होता आणि ज्यात एका भारतीय मालकीच्या संघाने अजिंक्यपद जिंकले, नेमक्या त्याच मोसमातली भारतातली शर्यत रद्द झाली. पिंपरीत टाटांचा कारखाना आहे, चाकणला महिंद्रांचा आहे, या दोन्ही ठिकाणी नोकरी करणारी माणसे माझ्या ओळखीची आहेत, आणि त्या अजिंक्यपदाच्या दिवशी त्यांतल्या एकालाही ते ठाऊक नव्हते. पुण्याइतकी वाहने बांधणारी, तपासणारी आणि त्यांवर वाद घालणारी शहरे देशात फार नसतील. वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून येथे आहे. एवढ्या गावात ज्या शर्यतीला चाहते मिळत नाहीत ती शर्यत वाईट असेलच असे नाही, पण तिने आपली ओळख करून दिलेली नाही, हे निश्चित.

फॉर्म्युला वनने २०२६ च्या नियमांत विजेचा वाटा जवळजवळ निम्म्यावर नेला आहे, आणि फॉर्म्युला ईची चौथी पिढी ६०० किलोवॉटपर्यंत शक्ती घेऊन येत आहे. भाचा हे आकडे मला विजयी मुद्रेने ऐकवतो. मी ते ऐकून घेतो. शक्ती कमी होती म्हणून माणसे आली नाहीत, असे मला हैदराबादला तरी दिसले नव्हते. तेथे माणसे आली होती.

१० फेब्रुवारी २०२४ चा तो शनिवार मोकळा झाल्यामुळे आम्ही दोघे आजोळकडच्या एका गावाच्या यात्रेला गेलो. भाच्याने मुद्दाम, निषेध म्हणून, हैदराबादला घेतलेला महिंद्रा रेसिंगचा टीशर्ट घातला होता. घाटाच्या कडेला एक वयस्क गाडामालक बैलाच्या पाठीवर हात ठेवून आपल्या बारीची वाट पाहत उभे होते. त्यांनी टीशर्टकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘ह्ये महिंद्राचं काय म्हनायचं? ट्रॅक्टरचं का?’

भाच्याने सांगितले, की नाही बाबा, ही शर्यतीची गाडी आहे, विजेवर चालते, जगभर शर्यती होतात आणि त्यांत महिंद्रांचाही संघ असतो. त्याने मोबाइलवर हैदराबादची चित्रफीत काढून त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, आवाज नाही याबद्दल एक अक्षर काढले नाही, आणि म्हणाले, ‘मंजी आपल्या चाकनचीच की रं. कितवी आली?’

तो संघ इंग्लंडमधल्या बॅनबरीहून चालतो, हे भाच्याच्या ओठांवर आले होते. मला ते दिसले. पण तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, की त्या दिवशी पहिल्या तिनांत नव्हती.

‘व्हतंय तसं. आमचाबी मागल्या सालाला पाव सेकंदानं ऱ्हायला,’ असे म्हणून त्यांनी बैलाला थोपटले. तेवढ्यात कर्ण्यावरून त्यांचे नाव पुकारले गेले. ते कासरा सावरत दोन पावले पुढे गेले, थांबले आणि वळून विचारले, ‘कंदी आसती ही शर्यत? तारीख सांगून ठिव, पोरं घिऊन येतो.’

भाच्याने माझ्याकडे पाहिले.